मर्यादा, घाट आणि कर्त्याचे नाव

मर्यादेतून घाट सिद्ध होतो, हे विधान समीक्षाव्यवहारात इतके रूढ झाले आहे की ‘मर्यादा’ या एकाच संज्ञेखाली भिन्न गोष्टी एकत्र येतात, याकडे दुर्लक्ष होते. माध्यमाच्या प्रकृतीतून येणारी मर्यादा वेगळी आणि निर्मितीची साधने ज्या संस्थेच्या हाती असतात तिने लादलेली मर्यादा वेगळी. अमेरिकेतील ॲटारी कंपनीच्या यंत्रासाठी रचलेल्या आरंभीच्या व्हिडिओ गेममध्ये हा भेद विशेष स्पष्टपणे दिसतो.

१९७७ साली बाजारात आलेल्या आणि पुढे ‘२६००’ या क्रमांकाने ओळखल्या गेलेल्या या यंत्राची रॅम अवघी १२८ बाइटची होती. पडद्यावरचे संपूर्ण चित्र साठवण्यास तीत जागाच नव्हती. त्यामुळे दूरचित्रवाणी संचातील इलेक्ट्रॉन झोत एकेक आडवी रेषा उमटवीत असताना तीत काय दिसावे, हे प्रोग्रामला त्या त्या क्षणी ठरवावे लागे. एका रेषेसाठी प्रोसेसरची केवळ ७६ आवर्तने मिळत. खेळाच्या नियमांचा हिशेब प्रामुख्याने झोत तळापासून पुन्हा वर येईपर्यंतच्या अवधीत उरकावा लागे. यंत्राने पुरवलेल्या हलत्या आकृतीही मोजक्याच होत्या : दोन खेळाडू, दोन क्षेपणास्त्रे आणि एक चेंडू. ‘पाँग’ आणि ‘टँक’ या धर्तीचे खेळ डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही योजना होती.

वॉरन रॉबिनेट यांच्या ‘ॲडव्हेंचर’ (१९८०) या खेळात या सामग्रीचे प्रयोजनच बदलते. त्याची प्रेरणा मोठ्या संगणकांवरील, केवळ शब्दांतून खेळल्या जाणाऱ्या गुहाशोधाच्या खेळातून आली होती. रॉबिनेट यांनी शब्दवर्णित गुहेचे दृश्य दालनांत रूपांतर केले. नायकासाठी त्यांनी यंत्रातील ‘चेंडू’ योजला. म्हणूनच नायक हा निव्वळ एक चौकोन आहे. त्यामुळे खेळाडूंसाठीच्या दोन आकृती ड्रॅगन, तलवार, किल्ली यांच्यासाठी मोकळ्या राहिल्या. काही दालनांत क्षेपणास्त्र ही उभी, पातळ भिंत बनते. एका दालनात दोहोंपेक्षा अधिक वस्तू आल्या की त्या लुकलुकतात. ३० दालनांचे हे विश्व ४ किलोबाइटमध्ये सामावले आहे. डेव्हिड क्रेन यांच्या ‘पिटफॉल!’ (१९८२) मधील जंगलाची २५५ दृश्ये तर साठवलेलीच नाहीत. एका बाइटवर ठरावीक नियमाची क्रिया करून पुढचे दृश्य सिद्ध होते आणि तोच नियम उलटा चालवला की मागचे. घाट म्हणजे येथे सिद्ध आकृती नव्हे, तर आकृती निर्माण करणारा नियम होय.

दुसरी मर्यादा यंत्राची नव्हती. ॲटारी आपल्या खेळांवर कर्त्यांची नावे छापत नसे. रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’मध्ये पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक ठिपका लपवला. इतर वस्तूंसह तो विशिष्ट दालनात नेला असता तेथील भिंत लुकलुकू लागते व ओलांडता येते. पलीकडच्या दालनात कर्त्याचे नाव झळकते. रॉबिनेट कंपनी सोडून गेल्यानंतर, एका तरुण खेळाडूच्या पत्रामुळे ही गोष्ट कंपनीला कळली. याच सुमारास, १९७९ मध्ये, क्रेन यांच्यासह चार प्रोग्रामर ॲटारीतून बाहेर पडले व त्यांनी ॲक्टिव्हिजनच्या स्थापनेत भाग घेतला. तेथे खेळासोबत कर्त्याचे नाव दिले जाऊ लागले.

अभंगातील नाममुद्रा अखेरीस उघडपणे येते. ती घाटाचाच भाग असते आणि श्रोत्याला अपेक्षित असते. रॉबिनेट यांची मुद्रा मात्र गुप्त आहे. यंत्राच्या मर्यादेची खूण असलेले लुकलुकणे येथे कर्त्याच्या नावाकडे नेणारा संकेत बनते. यावर असा आक्षेप संभवतो की दुसऱ्या मर्यादेनेही एक घाट निर्माण केलाच, कारण गुप्त दालन हा पुढे व्हिडिओ गेमचा रूढ संकेत झाला. परंतु हा घाट मर्यादेतून नव्हे, तर तिच्या प्रतिकारातून जन्मला. पहिल्या मर्यादेशी कर्त्याने संवाद साधला. दुसरीपासून त्याला लपावे लागले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस रोलां बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ती लेखकाचे नाव मुखपृष्ठावर सुप्रतिष्ठित असलेल्या संस्कृतीत. जेथे ते नाव मुळात छापलेच गेले नाही, तेथे कर्त्याला वगळून केलेले संहितेचे वाचन, तसा हेतू नसतानाही, मालकाच्या सोयीचे ठरू शकते. मर्यादेचा गौरव करण्यापूर्वी ती कोणी घातली, हे तपासणे समीक्षेला म्हणूनच टाळता येत नाही.