नाण्याचा धातू आणि पडद्यावरील मध्ययुग

मध्ययुगीन पार्श्वभूमीच्या व्हिडिओ गेमविषयी लिहिताना तटबंदी, शस्त्रे आणि वेशभूषा यांच्या अस्सलपणाची चर्चा होते; नायकाच्या थैलीतील नाण्याकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः वास्तववादाची कठोर परीक्षा तेथेच होते. मध्ययुगातील नाणे हे एकाच वेळी धातूचा तुकडा, राजाची आज्ञा आणि दोन अनोळखी माणसांमधील विश्वास असे. या खेळांनी नाण्याला धातूचे नाव दिले, धातूचा स्वभाव मात्र दिला नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या संकेताचे मूळ पडद्यावर नसून टेबलावर आहे. १९७४ साली अवतरलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने व त्याच्या पुढील आवृत्त्यांनी तांबे, चांदी, सोने आणि प्लॅटिनम अशी नाण्यांची उतरंड रूढ केली. युरोपीय मध्ययुगाला प्लॅटिनम ठाऊकच नव्हते. त्याची नाणी रशियाने पाडली ती १८२८ नंतर. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) मध्ये शंभर तांब्यांचे एक चांदीचे आणि शंभर चांदींचे एक सोन्याचे नाणे होते. ‘स्कायरिम’ (२०११) मधील सुवर्णनाण्यांना तर वजनच नाही. हजारो नाणी बाळगूनही नायकाच्या पाठीवर गुंजभर ओझे चढत नाही. धातू येथे केवळ आकड्याचा रंग होऊन उरतो.

याच्याशेजारी ‘आईन-इ-अकबरी’तील हिशेब ठेवून पाहावा. रुपयाला ४० दाम हा सरकारी दर होता. बाजारात तो कमीअधिक होई. तांब्याचा दाम सुमारे २१ ग्रॅमचा, चांदीचा रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. म्हणजे एका रुपयाचा खुर्दा घ्यावयाचा तर आठशे ग्रॅमहून अधिक तांबे उचलावे लागे. तांब्याचे नाणे भाजीबाजारात फिरते, चांदीचे पेठेत आणि सोन्याचे बहुधा पेटाऱ्यात राहते, यामागे हे साधे वजन आहे. कोणाच्या हाती कोणता धातू येतो, यातून समाजाची रचना दिसते. नायकाने खानावळीत भाकरीसाठी सुवर्णनाणे टाकले की ती रचनाच पुसली जाते. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून भिरकावल्या जाणाऱ्या मोहरांच्या थैल्याही याच दोषाच्या धनी आहेत.

‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८) हा खेळ या बाबतीत पुष्कळ पुढे गेला आहे. त्याचे कथानक १४०३ मधील बोहेमियात घडते. चलन आहे ते कुटना होराच्या खाणींतील चांदीवर १३०० पासून पाडल्या गेलेल्या ग्रोशेनचे. त्यात बनावट नाण्यांचे उपकथानकही आहे. तरीही एक मर्यादा जाणवते. येथे घासाघीस होते ती वस्तूच्या किमतीवर, नाण्याच्या कसावर नव्हे. दुकानदार ग्रोशेन उलटून पाहत नाही, वाजवून घेत नाही. खोट्या नाण्यांची गोष्ट सांगितली जाते. खेळणाऱ्याच्या थैलीतील नाणे मात्र कायम खरेच असते.

मराठी साधनांतील वास्तव याहून गुंतागुंतीचे आहे. सभासदाने जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी येते. तीत ‘सोने’ असा सरसकट आकडा नाही. पुतळ्या, पातशाही, अच्युतराई, देवराई, धारवाडी अशी नाण्यांची वेगवेगळी नावे आहेत. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा, म्हणून बट्टा निराळा. आणि तो ठरविणारा सराफ हे त्या व्यवहारातील खरे पात्र. १६७४ मध्ये रायगडावर हेन्री ऑक्झिंडेन याच्याशी झालेल्या वाटाघाटींत इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत, असा प्रश्न निघाला. प्रजेला तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्ती करणार नाही, वजन व कस पुरा असेल तर मज्जावही करणार नाही, अशी महाराजांची भूमिका होती. राजाज्ञा आणि धातू यांच्यातील ताणाचे इतके नेमके भान कोणत्याही खेळात आढळत नाही.

मध्य भारतातील एक दाखला याहून बोलका आहे. आज कांचघराप्रमाणेच जबलपूर शहराची एक वस्ती होऊन राहिलेले गढा हे एके काळी गोंड राज्याचे केंद्र होते. तेथील रयत मोहरा आणि हत्ती यांच्या रूपाने सारा भरते, असे अबुल फजल नोंदवितो. १५६४ मध्ये राणी दुर्गावती धारातीर्थी पडल्यानंतर आसफखानाला चौरागडावर अल्लाउद्दीन खलजीच्या अशरफ्यांनी भरलेले शंभर हंडे मिळाल्याचेही त्याने लिहिले आहे. अल्लाउद्दीनाला मरून तेव्हा सुमारे अडीचशे वर्षे झाली होती. सत्ता लोपली, सोने टिकले. याउलट महंमद तुघलकाने १३२९च्या सुमारास चांदीच्या मोलाने चालविलेली पितळी व तांब्याची नाणी दौलताबादेतही पाडली गेली. घरोघर टाकसाळी निघाल्या आणि ती तीन-चार वर्षांतच मागे घ्यावी लागली. हंड्यांतले सोने आणि तुघलकाचे पितळ या दोन टोकांमध्ये मध्ययुगीन चलनाचे सारे नाट्य सामावले आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, खेळ हा अखेर खेळ आहे. त्यात बट्ट्याचा हिशेब कंटाळवाणा ठरेल. परंतु ज्या खेळात अन्न नासते, तलवार बोथट होते आणि मळके कपडे पाहून लोकांचे वागणे बदलते, त्यात नाणे झिजू नये, ही अपरिहार्यता नसून निवड आहे. शरीराच्या गरजा वास्तव मानायच्या आणि देवघेवीतील अविश्वास मात्र वगळायचा, ही ती निवड होय. तिच्यामुळे आजच्या आकडेरूप पैशाचे गृहीतक नकळत मध्ययुगावर लादले जाते आणि पैसा नेहमीच असा निर्विवाद होता, अशी समजूत नव्या पिढीच्या मनात घर करते.

मराठी भाषेने मात्र ही स्मृती जपली आहे. खणखणीत नाणे, बंदा रुपया, बावनकशी सोने, कसोटीला उतरणे हे शब्दप्रयोग धातूचा नाद, अखंडपणा आणि कस पारखणाऱ्या व्यवहारातूनच आले आहेत. मराठ्यांच्या इतिहासावर उद्या असा खेळ रचला गेला, तर त्याच्या कर्त्यांनी गडांच्या नकाशांइतकीच सराफाच्या तराजूचीही दखल घ्यावी.