बोटीवरचा कारभारी

चिखलीकराने जहाजावरच्या हुद्द्यांविषयी लिहावं, म्हणजे पोहता न येणाऱ्याने काठावरून सूचना द्याव्यात तसलाच प्रकार. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात खारं पाणी काय ते लोणारचं. पण आळीतला एक मुलगा बोटीवर स्टुअर्ड म्हणून लागला आणि लग्नाच्या माहितीपत्रकात मराठीत काय लिहायचं, हा प्रश्न माझ्याकडे आला. बँकेतल्या माणसाला सगळं येतं, असा समज आहे! 'वेटर' लिहिलं तर पोरगी मिळेना, 'नौका-आतिथ्य-व्यवस्थापक' लिहिलं तर वधूपिता विचारणार, "ते ठीक, पण करतो काय?"

आपली ही खोड जुनी. १६७७च्या सुमारास राज्यव्यवहारकोश झाला. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. हेतू थोर. पण 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलेला, म्हणून काही महाराजांच्या गलबतांना गळती लागली नाही. पुढे १९६२ साली शासनाचा पदनाम कोश निघाला, त्याला लोकांनी 'बदनाम कोश' करून टाकलं. मी स्वतः 'लिपिक' आहे. शब्दाबद्दल तक्रार नाही. पण बायको रागावली की क्लार्कच म्हणते.

गंमत अशी, की साहेबाने बोटीवर आपले खलाशी घेतले तेव्हा कोश मांडला नाही. सारंग, सुकाणी, भंडारी हे शब्द त्याने तसेच उचलले. तांडेलाचा तेवढा 'टिंडल' केला. १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात सारंग, सुकाणी, टिंडल ही मंडळी रीतसर हजर आहेत. त्यातला सारंग फारसीचा, सुकाणी अरबीचा. पण खलाशाने कोणाची जात विचारली नाही. काम करणारा शब्द कामावर ठेवला.

मग स्टुअर्डाचं काय? 'भंडारी' म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, शब्द जवळचा. पण माहितीपत्रकात ती जात वाटायची. इंग्रजी शब्दाचं मूळ पाहिलं तर जुना अर्थ 'घराचा राखणदार'. म्हणजे आपला कारभारी! अडचण एकच : आमच्याकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. लग्नाआधीच कारभारी झालेल्याला मुलगी कोण देणार?

हसण्यावारी नेऊ नका. पद समजलं नाही, तर माणसाच्या कष्टाची किंमतही समजत नाही. म्हणून शब्द टेबलावर घडवू नयेत. रत्नागिरीच्या धक्क्यावर जाऊन विचारावेत. ज्यांच्या हाताला वल्ह्याचे घट्टे आहेत त्यांनी शब्द द्यावा. आमच्या बोटांना स्टँपपॅडची शाई. आम्ही नुसती नोंद करावी.