'द रेस्क्यू': सुटका दिसते, गुहा दिसत नाही

पहिल्यांदाच गुहेत उतरणाऱ्या मुलांना 'द रेस्क्यू' दाखवावा का? माझं उत्तर: दाखवा, पण तेवढ्यावर थांबू नका.

एलिझाबेथ चाय वासारहेली आणि जिमी चिन यांचा हा २०२१चा माहितीपट. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक २३ जून २०१८ला गेले, पाण्यामुळे अडकले. शेवटचे १० जुलैला बाहेर आले. गुंगीचं औषध दिलेल्या मुलाला पाण्याखालून नेताना पाणबुड्यांना वाटलेली भीती इथे प्रामाणिकपणे येते.

खटकतं ते वेगळंच. इथे गुहा म्हणजे नुसता काळोखा शत्रू. ती का भरली, हे ओझरतंच कळतं. गुहा म्हटलं की आपल्याला लेणी आठवतात, माणसाने बेसॉल्टमध्ये कोरलेली. थाम लुआंग मात्र चुनखडीतली, पाण्यानेच घडवलेली. पाऊस झाला की डोंगरावरचं पाणी भेगांमधून त्याच वाटांनी आत येतं.

तोंडाशी पाटी होती: जुलै ते नोव्हेंबर आत जाऊ नका. मुलं गेली जूनमध्ये, आणि पाऊस झाला. पाटीवर तारीख होती. धोका पाण्याचा होता. संशोधनातही आपण असंच करतो, नियम पाठ आणि कारण विसरलेलं.

म्हणून चित्रपट संपल्यावर मुलांना विचारा, "आत्ता वर पाऊस झाला, तर इथे पाणी कुठून येईल?" हे शोधायला लागले की मग हेल्मेट द्या.