दाखल्यात न दिसणारी गाडी

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू राहिले आणि धुराने माणूस दगावला. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत लहान मूल राहून गेले. जॅक सरकला आणि खाली दुरुस्ती करणाऱ्याच्या अंगावर गाडी आली. तिन्ही मृत्यू मोटारीमुळेच झाले, पण टक्कर एकातही नाही. अमेरिकेत १९७५ पासून प्राणघातक मोटार अपघातांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. तिच्यात सार्वजनिक रस्त्यावरील अपघात आणि त्यानंतर ३० दिवसांच्या आत झालेले मृत्यूच येतात. वरचे तिघे तिच्यात बसत नाहीत.

मग ते मोजायचे कसे? अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००४ च्या एका अहवालासाठी १९९८ सालचे मृत्यूचे दाखले तपासले. २००७ पासून अशा घटनांसाठी वेगळी नोंदपद्धती सुरू झाली, तीही टक्करविरहित मृत्यूंसाठी दाखल्यांवरच अवलंबून आहे. म्हणून या पद्धतीची पारख करणे आम्हांला आवश्यक वाटते.

प्रथम तिचे श्रेय तिला देऊ. जे मोजले जात नाही, ते सुधारण्याची निकड कोणाला वाटत नाही. १९९८ च्या उन्हाळ्यात अवघ्या काही आठवड्यांत, तीन घटनांत मिळून ११ मुले मोटारींच्या डिकीत अडकून मरण पावली. त्यानंतर नियम झाला आणि सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या, डिकी असलेल्या नव्या मोटारींत ती आतून उघडण्याची सोय सक्तीची झाली. एक साधी मूठ, पण ती बसवायला आधी मृत्यू नजरेस यावे लागले. दाखले प्रत्येक मृत्यूचे असतात, वर्तमानपत्रात न आलेल्या मृत्यूचेही. हे त्यांचे मोठे बळ.

आता उणीव पाहू. दाखला डॉक्टरच्या दृष्टीने लिहिलेला असतो. शरीरात काय बिघडले, हे त्यात आधी येते: उष्माघात, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गुदमरणे. गाडीचा उल्लेख आलाच तर ‘इजा कशी झाली’ या रकान्यातल्या एखाद्या ओळीत. लिहिणाऱ्याने तेथे ‘उन्हात राहिल्याने’ एवढेच लिहिले, तर गाडी कायमची हरवली. शिवाय मृत्यू अपघाती की आत्महत्या, हे गॅरेजमधल्या धुराच्या बाबतीत ठरवणे अवघड असते. तेथे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

यावर सांकेतिक क्रमांकांचा घोळ आहेच. दाखल्यातील मजकुराचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार क्रमांकांत रूपांतर होते. नवव्या आवृत्तीत मोटारीच्या धुराने झालेल्या अपघाती विषबाधेला स्वतंत्र क्रमांक होता, ई ८६८.२. अमेरिकेने १९९९ पासून मृत्यूंसाठी दहावी आवृत्ती स्वीकारली. तीत असे मृत्यू इतर वायू व वाफांबरोबर एक्स ४७ या एकाच गटात गेले. उष्णतेच्या एक्स ३० या क्रमांकातही मोटारीत उष्माघात झालेले मूल आणि शेतात उष्माघात झालेला मजूर एकत्र येतात. म्हणजे केवळ क्रमांक चाळून भागत नाही. कोणीतरी मूळ मजकूर वाचावा लागतो.

आमचे मत असे, की दाखल्यांतून मिळणारा आकडा ‘निदान एवढे तरी’ असा वाचावा, ‘एवढेच’ असा नव्हे. आणि तो दुसऱ्या, स्वतंत्र यादीशी ताडून पाहावा. अशी यादी अशक्य नाही. सॅन होजे विद्यापीठातील हवामानतज्ज्ञ जॅन नल यांनी मोटारीत उष्णतेने दगावलेल्या मुलांची १९९८ पासूनची यादी मुख्यतः बातम्यांवरून तयार केली. तिची सरासरी वर्षाला सुमारे ३७ येते.

दोन याद्यांचा उपयोग वर्गात सहज दाखवता येईल. समजा, पहिल्या यादीत ४० नावे आहेत, दुसरीत ३०, आणि २४ दोन्हींत आहेत. दुसऱ्या यादीतील ३० पैकी २४, म्हणजे ८० टक्के नावे पहिलीला सापडली. तेव्हा पहिलीतील ४० ही एकूण संख्येच्या ८० टक्के असावीत. एकूण सुमारे ५०. दोन्ही याद्या मिळून नावे ४६ च होतात. उरलेले चार कोणत्याच यादीत नाहीत, तरी ते असावेत असे गणित सांगते. बरणीतल्या चिंचोक्यांवर खुणा करून मुलांना हा प्रयोग करता येईल. मात्र एक अट सांगायला विसरू नये: याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. गाजलेली घटना दोन्हीकडे नोंदली जाते, दुर्लक्षित घटना दोन्हीकडून सुटते. मग अंदाज कमी येतो.

आपल्याकडील मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रातही ‘इजा कशी झाली’ हा प्रश्न आहे. तेथे ‘उभ्या मोटारीत’ हे दोन शब्द लिहायला क्षणही लागत नाही. ते लिहिले गेले नाहीत, तर पुढचा कोणताही संशोधक ते शोधून काढू शकणार नाही.