थैलीचा आवाज

न्यायालयाचा निकाल फराळाच्या ताटाशेजारी शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मुंबई उच्च न्यायालयाचा १९५७ सालचा एक निकाल वाचकांनी चांगल्या निबंधासारखा वाचावा, असे मला वाटते. राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मूळ दस्तऐवजात दुरुस्ती हवी होती. एका भागधारकाने हरकत घेतली आणि अपील मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले.

कायदा आड येत नव्हता, म्हणून छागलांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पण देतानाच त्यांनी बजावले की, ही वाट लोकशाहीचा गळा आवळण्यापर्यंत जाऊ शकते. संसदेने लक्ष घालावे. हात सही करतो आहे आणि मन कुरकुरते आहे, असा हा विरळा गद्याचा नमुना! त्यातला संयम मला आवडतो. पण उणीवही दिसते. भांडण कंपनीचे आणि भागधारकाचे. ज्याच्या मतासाठी थैली सुटायची, तो मतदार त्यात पक्षकारच नव्हता.

पुढे संसदेने धरसोडच केली. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली. २०१३ च्या कायद्यातली सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ साली काढण्यात आली. २०१८ साली निवडणूक रोखे निघाले. हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे, आणि देणाऱ्याचे नाव जनतेपासून झाकलेले.

कंपनीला मत मांडण्याचा हक्क नाही काय, असे कोणी विचारील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, पाच विरुद्ध चार मतांनी, कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरची बंदी भाषणस्वातंत्र्याविरुद्ध ठरविली. पण खर्च करणाराने नाव उघड करावे, हा नियम तेथेही कायम राहिला. आपण तर नावच पुसले!

हा वाद दिल्लीचा आहे, आपला नव्हे, असे समजू नये. मी तो जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या बाजूने पाहतो. दिवाळी सरली की या भागातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. तिथली एखादी बाई ग्रामसभेत पाण्याविषयी चार शब्द बोलते. ते शब्द फार दूर जात नाहीत. पण त्यांना तिचे तोंड असते, तिचे नाव असते. त्याबद्दल कुणाचा रोष आला तर तो तिलाच सोसावा लागतो. कोटीच्या रोख्याला ना तोंड, ना नाव. त्याला भाषण कसे म्हणावे?

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी रोख्यांची योजना एकमताने रद्द केली. देणगीदार जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे त्यांनी मानले. १९५७ च्या दाव्यात नसलेला मतदार अखेर न्यायालयात उभा राहिला. हे या निकालाचे मोठेपण.

मात्र समाधान पुरते होत नाही. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. थैलीचे नाव कळेल. तिचा आवाज ओसरणार नाही. बोलण्याचा हक्क सर्वांना असावा, हे खरेच. पण एकाच्या हाती कर्णा आणि दुसऱ्याच्या तोंडी कुजबुज, या व्यवस्थेला सभा म्हणता येत नाही. छागलांचा इशारा आपण अजून अर्धाच ऐकला आहे.