छांदिष्टांची साधने व इतिहासाची कसोटी

इतिहासाची साधने संशोधकाच्या हाती दोन मार्गांनी येतात. काही तो स्वतः शोधून काढतो. काही दुसऱ्या कोणास निराळ्याच हेतूने हिंडत असता सापडतात व मग फिरत फिरत त्याजपर्यंत पोहोचतात. दफ्तरांच्या बाबतीत ह्या दुसऱ्या मार्गाचा अनुभव आपल्याकडील संशोधकांस पुरेपूर आहे. पुड्या बांधण्यास निघालेल्या रद्दीतून एखादे अस्सल पत्र वाचवावे, आणि ते कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांच्या शेजारी होते हे विचारता कोणासही सांगता येऊ नये, असे अनेकदा घडते. पत्र वाचले, परंतु त्याचे अर्धे बोलणे बंद झाले. इंग्लंड व वेल्स ह्या देशांत धातुशोधक यंत्रे घेऊन सुटीच्या दिवशी शेते धुंडाळणाऱ्या छांदिष्टांनी जो प्रचंड साधनसंग्रह जमविला आहे, त्याचे परीक्षण करताना हाच अनुभव आमच्या डोळ्यांपुढे आहे.

यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. इ. स. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी ग्रॅहॅम बेल ह्यांनी विद्युत्प्रवाहाचा प्रयोग केला. तो साधला नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसाट्स्की ह्यांनी सुरुंग शोधण्याचे सुटसुटीत यंत्र सिद्ध केले. युद्धानंतर त्याच जातीची हलकी यंत्रे बाजारात आली व इ. स. १९७० च्या सुमारास इंग्लंडात त्यांचा छंद फैलावला. वेटोळ्यातील बदलत्या प्रवाहाने जमिनीतील धातूत प्रवाह उत्पन्न होतो व त्याचा नाद कानास लावलेल्या साधनातून ऐकू येतो. लहान वस्तू असल्यास ही पोच साधारणतः वीतदीडवीत, म्हणजे नांगरटीच्या थरापुरतीच असते. ह्या मर्यादेचे महत्त्व पुढे दिसून येईल.

पुरातत्त्वज्ञांचा पहिला भाव उघड वैराचा होता. इ. स. १९८० मध्ये त्यांनी ह्या छंदाविरुद्ध मोहीमच उघडली. त्यांची भीती निराधार नव्हती. सरे परगण्यातील वॉनबरो येथील रोमनकालीन देवस्थानाची जागा लुटारूंनी रातोरात खणून काढली आणि हजारो नाणी नाहीशी केली. जुन्या परंपरागत कायद्याप्रमाणे ठेवा पुरणाऱ्याचा हेतू पुढे तो परत घेण्याचा होता, असे सिद्ध करावे लागे. देवास वाहिलेल्या नाण्यांविषयी ते सिद्ध कसे व्हावे? ह्या अडचणीतून इ. स. १९९६ चा निधिविषयक कायदा जन्मास आला. तीनशे वर्षांहून जुनी व निदान दहावा हिस्सा सोनेरुपे असलेली वस्तू, तसेच तितक्याच जुन्या नाण्यांचा एकत्र सापडलेला ठेवा, ह्यांची वर्दी चौदा दिवसांत कॉरोनरास द्यावी. वस्तुसंग्रहालयाने ती घेतल्यास बाजारभावाप्रमाणे बक्षीस द्यावे. आणि ते शोधणारा व जमिनीचा मालक ह्यांनी वाटून घ्यावे, असा प्रघात पडला. ह्याच्या जोडीस इ. स. १९९७ पासून 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' ही नोंदणीची योजना आली. कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या वस्तूही लोकांनी आपखुशीने तिच्या अधिकाऱ्यांस दाखवाव्या, व त्यांनी स्थळासह नोंदून परत द्याव्या, असा तिचा क्रम आहे. आजवरच्या नोंदी पंधरा लाखांवर गेल्या आहेत.

प्रथम गुणांचा विचार करू. इ. स. ८७२–७३ च्या हिवाळ्यात डेन लोकांच्या सेनेने लिंकनशायरमधील टॉर्क्सी येथे तळ दिला, एवढेच बखरीतील त्रोटक वाक्य सांगते. तेथील शेतांतून छांदिष्टांनी वेचलेले अरबी दिरहमांचे तुकडे, तोडलेली चांदी, वजने व सोंगट्या जेव्हा नकाशावर मांडल्या, तेव्हा तो तळ म्हणजे केवळ लुटारूंचा मुक्काम नसून व्यापार व कारागिरी चालणारी एक हलती पेठच होती, हे स्पष्ट झाले. एका ओळीच्या जागी एक प्रकरण उभे राहिले, हे श्रेय छांदिष्टांचे होय.

त्याहून बोधप्रद उदाहरण सॉमरसेटमधील फ्रोम येथील. इ. स. २०१० मध्ये एका गृहस्थास नाणी लागू लागली. खाली रांजण आहे असे दिसताच त्याने हात आवरला व तज्ज्ञांस बोलाविले. त्यांनी तो रांजण थराथराने उपसला. आत ५२,५०३ रोमन नाणी निघाली. त्यांतील कारौसियस ह्या बंडखोर बादशहाची नाणी सर्वांत अलीकडच्या काळातील, म्हणून ती वर असावयास हवी होती. परंतु त्यांतील बहुतेक रांजणाच्या खालच्या अर्ध्या भागात होती. म्हणजे ही वर्षानुवर्षे टाकत आणलेली शिल्लक नव्हे. ती बहुधा एकाच प्रसंगी ओतलेली आहे. रांजणही इतका पातळ की भरल्यावर तो उचलणे अशक्य. ह्यावरून हा ठेवा पैशाचा साठा नसून सामुदायिक देवार्पण असावे, असा पक्ष पुढे आला. तो पक्ष मान्य करा वा करू नका. वाद घालण्यास जागा आहे ती केवळ एका माणसाने कुदळ खाली ठेवली म्हणून. घाईने उपसा झाला असता तर नाणी तितकीच राहिली असती, प्रश्न मात्र उरला नसता.

आता दोष. पहिला दोष असा की, ह्या नोंदींचा नकाशा पुष्कळदा प्राचीन वस्तीचा नकाशा नसून आधुनिक शोधकांच्या पायवाटांचा नकाशा असतो. नांगरटीची सपाट शेते, परवानगी देणारा मालक व शहरापासून सोयीचे अंतर जेथे आहे, तेथे वस्तू दाट दिसतात. कुरणे, अरण्ये, डोंगर व संरक्षित स्थळे रिकामी दिसतात. ह्या रिकामेपणावरून वस्तीचा अभाव अनुमानणे म्हणजे दफ्तर जळाले त्या गावी कारभारच नव्हता असे म्हणण्यासारखे आहे. दुसरा दोष, शोधक बहुधा लोखंडाचा नाद गाळण्याची योजना यंत्रात करतात; त्यामुळे खिळे, फाळ, विळे हा गरिबाच्या संसाराचा पुरावा मागे राहतो आणि इतिहास नाण्यांचा व दागिन्यांचाच होतो. मडकी व हाडे तर यंत्रास ऐकूच येत नाहीत. तिसरा दोष, स्थळ सांगणारा तोच व साक्षीदारही तोच. बांधाच्या अलीकडचे पलीकडे झाले तरी ताडून पाहण्यास साधन नाही. योजनेच्या चालकांस हे दोष ठाऊक आहेत. तथापि तिच्या आकड्यांवर सिद्धान्त उभारणाऱ्या सर्वांसच ते ठाऊक असतात असे म्हणवत नाही.

कायद्याचाही एक मूळ दोष सांगितला पाहिजे. त्याने वस्तूची योग्यता दीर्घकाळ धातूवरून ठरविली. इ. स. २०१० मध्ये कम्ब्रियात क्रॉस्बी गॅरेट येथे रोमन घोडेस्वाराचे मुखवट्याचे शिरस्त्राण सापडले. ते तांब्याच्या मिश्रधातूचे, सबब निधी नव्हे. लिलावात ते तेवीस लाख पौंडांच्या आसपास किमतीस खासगी माणसाच्या हाती गेले. 'विशेष ऐतिहासिक महत्त्व' ही कसोटी कायद्यात यावयास इ. स. २०२३ उजाडले.

परंतु खरी परीक्षा मनुष्याच्या सचोटीची. इ. स. २०१५ ह्या एकाच वर्षी एकाच काळातील दोन ठेवे निघाले. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड व मर्सियाचा राजा केओलवुल्फ ह्यांच्या काळची नाणी दोहींत होती. त्यांपैकी काहींवर दोन सम्राट शेजारी बसलेले दाखविले आहेत. आल्फ्रेडच्या दरबारी रचलेली बखर केओलवुल्फास मूर्ख चाकर व डेनांच्या हातचे बाहुले ठरविते; नाणी मात्र दोघांची बरोबरी व सलोखा सांगतात. जेत्याच्या बखरीस नाण्याने दिलेले उत्तर म्हणून ह्या शोधाची थोरवी. ह्या जातीची पूर्वी केवळ दोन नाणी ठाऊक होती. ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टनच्या ठेव्याची वर्दी शोधणाऱ्याने दिली. मातीच्या ढेकळासकट तो उचलला गेला. १८६ नाण्यांत त्या जातीची तेरा निघाली, व आज तो ॲशमोलियन संग्रहालयात आहे. हेरफर्डशायरमधील लेमस्टरजवळचा ठेवा दोघा शोधकांनी लपविला व फुटकळ विकला. अंदाजे तीनशे नाण्यांपैकी खटल्याच्या वेळी सुमारे तीसच हाती होती. पुसून टाकलेली व पुन्हा मिळविलेली छायाचित्रेच बाकीच्यांची साक्ष देत होती. इ. स. २०१९ मध्ये दोघांस कारावास झाला. वर्दी दिली असती तर मोठे बक्षीस कायद्यानेच मिळाले असते! येथे सोने चोरीस गेले हा सरकारचा तोटा. नाण्यांचे परस्पर प्रमाण गेले हा इतिहासाचा, आणि तो भरून येणारा नाही.

प्रमाणाचे हे महत्त्व महाराष्ट्रीय वाचकास निराळे सांगावयास नको. इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे सुमारे १३,२५० रुप्याची नाणी सापडली. ती नहपानाची, त्यांतील ९,२७० च्या वर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. एक छापलेले नाणे पराभव सुचविते. दहांतील सात छापलेली असणे राज्यक्रान्ती सिद्ध करते. तीच नाणी दहा सराफांच्या मुशींत गेली असती तर? आपल्याकडील इ. स. १८७८ च्या कायद्यात दहा रुपयांवरील ठेव्याची वर्दी कलेक्टरास देण्याची सक्ती आहे. परंतु सरकारने ठेवा घेतल्यास मोबदला धातूची किंमत व तिचा पाचवा हिस्सा, एवढाच. इंग्लंडात प्रामाणिक माणसास बाजारभाव मिळतो. आपल्याकडे सराफाहून थोडेसे अधिक, आणि वर कचेरीच्या खेपा. अशा स्थितीत दफिने मुशीत जातात ह्याचे नवल नाही. तथापि इंग्लंडातील पद्धत जशीच्या तशी उचलावी असे आम्ही म्हणत नाही. बाजारभावाच्या बक्षिसाने वर्दी वाढते, तशीच हावही वाढते. आणि लेमस्टरच्या खटल्याने दाखविले की, हाव पुरेशी मोठी झाली म्हणजे बक्षीसही तिला पुरत नाही.

एकंदरीत आमचे मत असे. हा संग्रह त्याज्य नाही. तो मोलाचा आहे. परंतु त्यातील प्रत्येक नोंद म्हणजे संदर्भ तुटलेले पत्र समजून, ते कोणी, कोठे, का शोधले व शेजारी काय शोधले नाही, हे विचारूनच ती वापरावी. छांदिष्टाचा तिरस्कार करून काम भागणार नाही. त्यास फ्रोमच्या गृहस्थाप्रमाणे थांबावयास शिकविणे हेच संशोधकाचे काम आहे. वस्तू जमिनीत असते तोवर ती स्थळासह बोलते. उपटल्यावर ती फक्त चकाकते.