अर्जातील स्वाभिमान

अर्जाला कोणी साहित्य मानीत नाही. तरीही शिवराम जानबा कांबळे यांचा १९१० चा अर्ज साक्षेपाने वाचावा असा आहे.

१८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. तिच्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतीपत्र सिद्ध केले. त्यात पूर्वजांच्या क्षत्रियत्वाचा आधार आहे. कुळावरून मान मागणारा हा युक्तिवाद जातीचीच मोजपट्टी स्वीकारतो, ही त्याची मर्यादा. कांबळे मागतात ती शिपायाचीच जागा. परंतु समान प्रजाजन म्हणून. त्यांचा स्वर नम्र आहे, लाचार नाही.

तरीही सरकारला न्यायापेक्षा गरज मोठी वाटली. महायुद्धासाठी १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. पुढच्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय सैनिकांचा लढाही याच जातीचा. तेथे सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा आदेश १९४८ मध्ये निघाला.

कांबळे यांच्या अर्जातील एक प्रश्न ढोकीपासून वसईपर्यंतच्या आपणा ख्रिस्ती वाचकांना थबकवतो. ख्रिस्ती धर्माच्या स्पर्शाने महाराचा दर्जा उंचावतो, तर स्वधर्मात राहणाऱ्याला ब्रिटिश न्यायाने तोच का लाभू नये, असे ते विचारतात. आपल्यावरील तो विश्वास आपण सार्थ केला काय? भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या दलित सक्षमीकरण धोरणात ख्रिस्तसभेतील जातिभेद मान्य केला. कांबळे यांचा अर्ज आता आपल्या दारी आहे.